जॉर्ज वियानं लायबेरिया सुधारला का?

प्रश्न: मी कोल्हापूरचा, पेठेतल्या पोरांना फुटबॉल शिकवतो. 1996 मध्ये इटलीतल्या मिलान क्लबकडून व्हेरोनाविरुद्ध पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाच्या वियानं आपल्याच गोलपासून चेंडू घेऊन अख्खं मैदान कापलं, तो गोल पोरांना हमखास दाखवतो. काल एकानं विचारलं, "सर, राष्ट्राध्यक्ष होऊन त्यानं काय केलं?" काय सांगू?

उत्तर 1: शिक्षणाचं सांगा. 2005 ला निवडणूक हरला तेव्हा लोक त्याचं शिक्षण काढायचे. गड्यानं चाळिशी ओलांडल्यावर पदवी घेतली. 2018 मध्ये सत्तेवर आल्यावर सरकारी विद्यापीठांत पदवीची फी माफ केली.

उत्तर 2: अर्धंच सांगू नका. महागाईनं लोक पिचले. 2022 मध्ये अमेरिकेनं भ्रष्टाचारावरून त्याच्या तीन बड्या अधिकाऱ्यांवर निर्बंध घातले. लायबेरियातल्या यादवी युद्धातल्या गुन्ह्यांसाठी न्यायालयही त्यानं उभारलं नाही. मला ते फार लागलं, कारण मतं त्याला गरीब वस्त्यांनीच दिली होती.

प्रश्नकर्ता: दोन्ही सांगतो. आणि 2023 च्या निवडणुकीचंही. प्रतिस्पर्धी जोसेफ बोआकाईंकडून दोन टक्क्यांहून कमी फरकानं हरला, मोजणी पूर्ण व्हायच्या आधीच त्यांना फोन करून अभिनंदन केलं. यादवी भोगलेल्या देशात! उद्या सरावाआधी पोरांना खाली बसवून आधी हेच सांगणार.