ओपन बॅफल स्पीकरसाठी वूफर कोणता घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार. ठाण्यात नौपाड्यातील आमच्या दहा बाय बारा फुटांच्या खोलीसाठी मी घरीच ओपन बॅफल (म्हणजे पेटीऐवजी नुसत्या फळीवर बसवलेल्या) स्पीकरची जोडी बनवीत असून एकूण खर्च ८,००० रुपयांत बसवणे भाग आहे. सुताराकडे उरलेले १८ मिलिमीटरचे प्लायवूड मिळाले, त्यामुळे लाकडाचा प्रश्न सुटला. अडचण वूफरची, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरची आहे.

मागे बंद पेटी नसल्याने वूफरच्या शंकूच्या मागची ध्वनिलहर फळीच्या कडेवरून वळून पुढे येते आणि पुढच्या लहरीला खोडते. माझी फळी ६० सेंटिमीटर रुंद असल्यामुळे, गणिताप्रमाणे, सुमारे २८५ हर्ट्झच्या खाली आवाज दर सप्तकाला सहा डेसिबलने घटत जाईल, आणि तबल्याचा बायाँ ऐकणाऱ्याला हे परवडणारे नाही. ही घट थोडी भरून काढण्यासाठी ०.७ किंवा त्याहून अधिक क्यूटीएस (शंकूचे स्वाभाविक कंपन किती कमी दाबले जाते हे सांगणारा आकडा) असलेला वूफर घ्यावा असे वाचले, परंतु मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दाखवलेल्या बारा इंची वूफरांपैकी बहुतेकांवर केवळ वॅट छापलेले होते. (वॅटवरून बायाँ कसा वाजेल हे दुकानदारालाच ठाऊक!)

क्यूटीएस छापलेले नसताना मल्टिमीटर, एक रोधक (रेझिस्टर) आणि मोबाइलवरील सिग्नल जनरेटर एवढ्यावर ते घरी विश्वासार्हपणे मोजता येईल का? फळीला मागे वळवलेले पंख जोडले तर ते किती खोल असेपर्यंत लाभ होतो आणि पोकळ घुमारा कुठून सुरू होतो? शिवाय, भिंतीपासून जेमतेम अडीच फूट अंतर मिळत असताना हा खटाटोप करावा की नाही, हेही अनुभवी मंडळींनी स्पष्ट सांगावे.