मदत हवी आहे: चांदीचे नॅनोकण असलेली काच एकाच बाजूने पिवळी का होते? आणि डीएससीत (नमुना तापवताना तो किती उष्णता घेतो ते मोजणारी चाचणी) फरक का दिसत नाही?

नमस्कार मंडळी, मी कोपरखैरण्याला राहते, एमएस्सी फिजिक्सचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्टचा विषय आहे धातूचे नॅनोकण असलेल्या काचेचे ऑप्टिकल आणि थर्मल गुणधर्म. सोनं परवडणारं नव्हतं म्हणून चांदी घेतली. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका काचवाल्याकडून खिडकीच्या 3 मिमी काचेचे उरलेले तुकडे आणले, सोडियम नायट्रेटमध्ये थोडं सिल्व्हर नायट्रेट घालून मफल फर्नेसमध्ये (लॅबमधली बंद विजेची भट्टी) 350 डिग्रीला वितळवलं आणि तुकडे त्यात बुडवून ठेवले, म्हणजे काचेतलं सोडियम बाहेर आणि चांदी आत.

आता गंमत बघा, तुकडा धुतल्यावर एक बाजू छान मधासारखी पिवळी आणि दुसरी जवळजवळ कोरी! तुकडा उभा धरून कडेकडून बघितलं की पिवळी रेघ एकाच पृष्ठभागाला चिकटलेली स्पष्ट दिसते. बाथ (ते वितळलेलं मिश्रण) एकच, वेळ तीच, मग असं का? प्रकाश शोषणाच्या स्पेक्ट्रममध्ये 415 नॅनोमीटरला पीक आलाय, अर्ध्या उंचीवरची रुंदी 60च्या आसपास, म्हणजे नॅनोकण नक्की झालेत.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. तुकडा कुटून डीएससी करून घेतली तर साध्या काचेचा आणि चांदीवाल्या काचेचा ग्राफ एकावर एक बसतोय, ग्लास ट्रान्झिशन (काच मऊ पडायला लागते ते तापमान) तिथल्या तिथेच. गाइड म्हणतात थर्मलचा भाग काढून टाक, पण मला तो सोडायचा नाहीये, मुळात मी विषयच त्याच्यासाठी घेतला होता. काय करता येईल?

उत्तर:
ताई, तुमचं काम बरोबर चाललंय, काचेनेच तुम्हाला उत्तर दिलंय. खिडकीची काच ही फ्लोट काच, बनवताना ती वितळलेल्या कथिलावर तरंगत जाते आणि खालच्या बाजूत थोडं कथिल शिरतं. ते दोन इलेक्ट्रॉन देऊ शकतं, ते चांदीच्या आयनांना मिळाले की आयनांचे अणू होतात, अणू गोळा होऊन कण बनतात आणि रंग येतो. दुसऱ्या बाजूतही चांदी गेलेली आहे, पण आयन म्हणूनच बसलीय आणि आयनला रंग नसतो. खात्री करायची तर कोरा तुकडा अंधारात 254 नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याखाली धरा, कथिलाची बाजू दुधाळ चमकते. नोटा तपासायचा दिवा साधारण 365चा असतो, त्याचा इथे उपयोग नाही. डोळ्यांना चष्मा हवाच.

तुमच्या पीकच्या रुंदीवरून कणांची त्रिज्या साधारण 2 नॅनोमीटर निघते, कारण इतक्या बारीक कणात इलेक्ट्रॉन सारखे पृष्ठभागावर आपटतात आणि पीक पसरतो. पुढे 500-550ला तापवत ठेवलं की कण वाढून पीक अरुंद होताना दिसायला हवा, तेवढा एक ग्राफसुद्धा प्रोजेक्टला वजन देईल.

डीएससीचं म्हणाल तर चांदी गेलीय फार तर काही मायक्रॉन आत, दहा धरा. 3 मिमी काचेत दोन्ही बाजू मिळून तो एक टक्कासुद्धा होत नाही आणि तुम्ही अख्खा तुकडा कुटलात, म्हणजे यंत्राने साधी काचच मोजली. त्यामुळे थर्मल भाग काढू नका, मोजायची पद्धत बदला. 405 नॅनोमीटरचा लेसर तुमच्या पीकजवळच पडतो. एवढे छोटे कण प्रकाश विखुरत नाहीत फारसे, गिळतात, आणि गिळलेली ऊर्जा उष्णता होऊन आजूबाजूच्या काचेत जाते. काचेची उष्णतावाहकता जेमतेम 1 वॅट प्रति मीटर केल्विन, त्यामुळे ती उष्णता पटकन पसरत नाही. साधा तुकडा आणि पिवळा तुकडा, दोघांवर तोच लेसर तेवढाच वेळ टाका आणि तापमान किती चढतं, लेसर बंद केल्यावर किती वेळात उतरतं ते नोंदवा.

प्रश्नकर्ती:
खूप खूप आभार, आज पहिल्यांदा नीट कळलं! तापमान इन्फ्रारेड गनने घेतलं तर चालेल का? आमच्या लॅबमध्ये तीच आहे.

उत्तर:
गन काचेचा पृष्ठभाग वाचते, तो प्रश्न नाही, पण तिचा ठिपका लेसरच्या ठिपक्यापेक्षा खूप मोठा असतो, सरासरीत वाढ बुडून जाईल. के टाइपचा बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी) लावा, ठिपक्यापासून दोन-तीन मिमी बाजूला, नाहीतर प्रकाश सरळ तारेवर पडून तारच तापेल. दोन्ही तुकड्यांना अंतर अगदी तेवढंच ठेवा. आणि त्या नायट्रेटच्या बाथजवळ कागद, कापूस, स्पिरिट काही ठेवू नका, गरम नायट्रेटने पेट घेतं.