आधी शब्दार्थ नकोत

वर्गात उतारा शिकवण्याआधी कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहून द्यावेत, असं काही शिक्षकांचं मत असतं; मला ते नाही पटलं. ‘अंबर रूम’चा, म्हणजे अंबराच्या तक्त्यांनी मढवलेल्या एका राजेशाही खोलीचा, उतारा घेताना मी फळ्यावर फक्त चार सालं लिहिली: १७१६, १७५५, १९४१, २००३. त्या-त्या साली खोलीचं काय झालं, ते पोरांनी उताऱ्यातून शोधायचं. प्रशिया या जर्मन राज्याच्या राजाकडून रशियाचा सम्राट पीटर द ग्रेटला भेट, मग रशियातलाच कॅथरीन पॅलेस हा राजवाडा, मग नाझींची लूट, शेवटी नवी प्रतिकृती. अंबर म्हणजे तृणमणी, झाडाचा घट्ट झालेला प्राचीन चीक. जवळचा एक मणी लोकरीवर घासून कागदाचे कपटे उचलून दाखवले, शब्दार्थ तिथेच झाला! घंटा झाली तरी वाद चालूच, नाझींनी लुटलेली खोली पेट्यांत भरून कोनिग्सबर्ग या तेव्हाच्या जर्मन शहरात नेली, तिथून त्या पेट्या गेल्या कुठे? त्या तासाला घ्यायचा व्याकरणातला कर्मणी प्रयोग मात्र दुसऱ्या दिवसावर गेला.