जुन्या ध्वनिमुद्रिका घेताना : आवाज बघायचा की गाणं?

शास्त्रीय संगीताच्या जुन्या तबकड्या, एलपी, सीडी घेताना कुठे तडजोड करता आणि कुठे अजिबात नाही? नेमकं लिहा. (खाली प्रत्येक उत्तराआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

खर्ज : जुन्या काळच्या ख्यालगायिका केसरबाई केरकर हव्या असतील तर ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्यांकडेच यावं लागतं. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, वर खरखर. खरखरीला कान सरावतो, चुकलेल्या स्वराला नाही. म्हणून आधी वेग तपासा. '७८'ची प्रत्येक तबकडी ७८ फेऱ्यांवर कापलेली नसते. ८०वर कापलेली ७८वर फिरवली की जवळजवळ पाव स्वर उतरतो आणि लयही ढिली पडते. अशा तबकडीवरून केलेल्या सीडीवर हाच दोष असेल तर संगणकावर वेग बदला. नुसती पट्टी (स्वराची उंची) चढवली तर लय ढिलीच राहते.

आस : गायकीत खराब आवाज चालतो हो, पण एकल तबल्यात नाही. विजेचं ध्वनिमुद्रण १९२५पासून आलं. त्याआधी कर्ण्यात गाऊन-वाजवून केलेल्या तबकडीत डग्गा (तबलाजोडीतला खर्जाचा) जवळपास नसतोच. तिथे वादक कितीही मोठा असो, मी आवाज बघूनच घेते.

द्रुत : एलपी घेताना दुकानदार सुरुवात ऐकवतो. त्याला शेवटची तीन मिनिटं लावायला सांगा! सुई लेबलाकडे सरकते तसा तिच्याखालून जाणाऱ्या खोबणीचा वेग घटतो, शेवटी निम्म्याहूनही कमी होतो. आणि ख्यालातली द्रुत (जलद लयीचा शेवटचा भाग) बहुतेकदा तिथेच येते. तार षड्जाला (वरच्या 'सा'ला) आवाज फाटला तर खोबणी झिजली आहे, धुऊन काही होणार नाही. चकाकीवर जाऊ नका. बल्बखाली तिरकी धरा, करडी झाक दिसली तर परत द्या.

जवारी : सीडीवरच्या 'डिजिटली रीमास्टर्ड' शिक्क्यावरून काहीच कळत नाही. गायक दम घेतो तेवढ्यात तानपुरा ऐका. तो पाण्याखाली गेल्यासारखा बुजत असेल तर खरखर काढताना जवारीही (तारांचा झणझणता नाद) काढली आहे. अशा सीडीपेक्षा खरखरीची प्रत घ्या. मोनोचं ओढूनताणून स्टिरिओ केलेलं असेल तर तेही नको.

खर्ज : एक राहिलं. ७८ला ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई हवी. एलपीची ०.७ मिलची सुई खोबणीच्या तळाशी घासते आणि तिथली घाणच ऐकवते. चांगली तबकडीसुद्धा मग भंगार वाटते. आणि ७८च्या लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नका, लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, लेबल कोरडं.