ताकाशी मिइके : थोर दिग्दर्शक, की शंभरात चार-पाच लागतातच?

पॉपकॉर्नवाला:
मंडळी, जपानी दिग्दर्शक ताकाशी मिइकेचा थर्टीन असॅसिन्स (2010) बघून संपवला आणि डोकं भणभणतंय. शेवटची लढाई पाऊण तास चालते तरी घड्याळाकडे बघावंसं वाटत नाही. पण याच माणसाचे काही पिक्चर असे आहेत की अर्ध्यात बंद करावे लागतात. 2017 चा ब्लेड ऑफ द इम्मॉर्टल शंभरावा म्हणून गाजवला होता, म्हणजे वर्षाला तीन-चार कसे काढले असतील बघा! मग हा खरंच थोर, की एवढे दगड मारल्यावर एखादा आंबा पडणारच? ऑडिशन आणि इची द किलरच्या पलीकडे काय बघू?

निशाचर:
आंबा-बिंबा सोड, याचं ट्रेनिंग बघ. नव्वदीच्या सुरुवातीला जपानमध्ये थेट व्हिडिओवर येणाऱ्या पिक्चरांचा धंदा जोरात होता, त्याला व्ही-सिनेमा म्हणायचे. बजेट तुटपुंजं, शूटिंग झटपट, निर्मात्याला फक्त मारामारी आणि थोडी नागडी दृश्यं मिळाली की बाकी काय करतोयस ते कोणी विचारायचं नाही. हा त्यातच घडला, त्यामुळे येईल ते काम घेतो. 2017 ला त्याने छोट्या मुलींसाठी गाणी-नाच-जादूवाली टीव्ही मालिकासुद्धा केली, रक्तबंबाळ इची द किलरवालाच हा 😄 त्यामुळे सगळे एका माळेत ओवायला गेलास तर वेडा होशील.

अबोली_७:
निशाचर, अर्धंच सहमत. धागा आहे, लोक रक्त बघत बसतात म्हणून दिसत नाही. शिंजुकू ट्रायड सोसायटी (1995) मधला पोलीस अर्धा चिनी, रेनी डॉग (1997) मध्ये तैवानमधल्या तैपेईत अडकलेला जपानी गुंड, ले लाइन्स (1999) मध्ये चिनी वंशाची पोरं गाव सोडून पळतात. कोणालाच धड घर नाही. रेनी डॉगमध्ये एक बाई मुका पोरगा दारात आणून सोडते, हा तुझा म्हणते आणि जाते. बाप त्याच्याकडे बघतही नाही, कामावर निघाला की पोरगं पावसात गुपचूप मागे. आख्ख्या पिक्चरमध्ये मोठं भाषण नाही की रडारड नाही, तरी घशात आवंढा येतो. हे नुसतं नशीब नाही हो.

आणि ऑडिशनमध्येही सगळ्यांना शेवटी सुया टोचून केलेला छळच आठवतो, मला मात्र ती रिकामी खोली: मुलगी मान खाली घालून फोनसमोर बसलेली, मागे एक पोतं. फोन वाजतो आणि पोतं एकदम हलतं. त्यात रक्ताचा थेंब नाही.

पॉपकॉर्नवाला:
बाप रे, ते पोतं!! बरं मग सुरुवात रेनी डॉगने करू का?

अबोली_७:
त्याआधी द बर्ड पीपल इन चायना (1998) बघ. कंपनीचा माणूस जेड या मौल्यवान हिरव्या दगडाच्या शोधात चीनमधल्या युन्नानच्या डोंगरात जातो, उधारी वसूल करायला एक याकुझा (जपानी टोळीतला गुंड) पाठीमागे, आणि तिथली पोरं पंख बांधून उडायला शिकतायत. मिइकेचं नाव न सांगता दाखवलास तर कोणी ओळखणार नाही.

निशाचर:
बर्ड पीपलला +१, पण व्हिजिटर क्यू (2001) घरच्यांसोबत लावू नकोस. तुझ्या भल्यासाठी सांगतोय.