स्वस्तातल्या ब्रेक डिस्क आणि पॅड: पैसे नेमके कुठे घालावेत?

नमस्कार मंडळी,

माझ्या गाडीच्या पुढच्या ब्रेक डिस्क काठावर कोरलेल्या किमान जाडीला टेकल्या आहेत आणि पॅडही संपत आलेत. टर्बो इंजिनाची जोरकस गाडी आहे, वजन १६०० किलोच्या आसपास. रोज कामाला हीच नेतो, अधूनमधून ट्रॅकवरही घालतो. कंपनीचा मूळ संच झेपण्यासारखा नाही. ऑनलाइन मात्र भोकं आणि चर असलेल्या डिस्क, सोबत पॅड, असे संच बऱ्याच स्वस्तात दिसताहेत. भोकांमुळे डिस्क थंड राहते म्हणतात, ते खरं का? आणखी एक. वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. डिस्क तापून वाकली असेल, तर नवी घेताना काय पाहायचं?

———

अरे, त्या भोकांचे पैसे देऊ नकोस. माझी नोकरी बिडाच्या ओतकामात गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ताशी २०० वरून तुझी गाडी थांबवायची तर सुमारे २५०० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. ताशी १०० ला हाच आकडा चौथाई होतो. यातला साधारण ७० टक्के भार पुढच्या दोन डिस्कवर येतो. प्रत्येक डिस्क १० किलोची धरली, तर त्या एका थांबण्यात तिचं तापमान सुमारे १९० अंशांनी चढतं. तीच डिस्क ७ किलोची असेल तर २७० अंशांनी! उष्णता बाहेर टाकायला वेळ लागतो, तोवर ती साठवायची असते ती बिडाच्या वजनात. भोकं पाडली की वजन कमी होतं, आणि तापणं-निवणं चालू राहिलं की भोकांच्या कडेपासूनच तडे जायला लागतात. भोकांची सोय झाली ती पूर्वीच्या पॅडमधून निघणाऱ्या वायूला वाट द्यायला. आजच्या पॅडना तितकी गरज राहिलेली नाही. पावसात पाणी झटकायला भोकांचा थोडा उपयोग होतो, तेवढं मान्य.

तेव्हा साधी, सपाट, आत हवेच्या पोकळ्या असलेली डिस्क घे. वर्णनात वजन दिलेलं असेल तर मूळ डिस्कशी ताडून बघ. हलकी निघाली तर विक्रेत्याने बीड वाचवलंय असं समज. जास्त कार्बनचं बीड मिळालं तर उत्तम, ते उष्णता लवकर पसरवतं आणि आवाजही कमी करतं. टोपीवर (डिस्कच्या मधल्या उंच भागावर) आणि काठावर गंजरोधक लेप असेल तर आणखी बरं. ब्रेम्बो किंवा एटीई यांसारखे उत्पादक गाड्यांच्या कंपन्यांनाही माल पुरवतात आणि स्वतःच्या खोक्यातही विकतात. मूळ संच परवडत नसेल तर स्वस्त पण खात्रीचा रस्ता हाच. फक्त विक्रेता अधिकृत असू दे, कारण ब्रेकच्या भागांत नकली माल भरपूर असतो.

आता थरथरीबद्दल. डिस्क ‘वाकली’ असं सगळेच म्हणतात, पण बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. पॅडचा थर तिच्यावर कमी-जास्त चिकटतो, किंवा हबवर (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावर) ती किंचित तिरकी बसलेली असते आणि फिरता फिरता एका जागी जास्त झिजते. जाडीत मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांइतका फरक पडला तरी पायाला आणि हाताला कळतो. म्हणून हब साफ न करता नवी डिस्क चढवलीस तर काही महिन्यांत पुन्हा तीच थरथर.

———

काकांचं डिस्कबद्दलचं सगळं पटलं. पॅड आणि ब्रेक ऑइलबद्दल मला लिहायचंय, कारण मी नियमित ट्रॅकवर जाते आणि तिथे बहुतेकांचं अडतं ते इथेच.

संचात फुकट आल्यासारखे मिळणारे पॅड घेऊ नका. पॅडच्या काठावर दोन अक्षरं छापलेली असतात. पहिलं सामान्य तापमानाचं, दुसरं तापल्यानंतरचं. एफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर खाली घसरलेलं दिसलं, उदाहरणार्थ ई, तर ते पॅड तुमच्या गाडीला नकोत. पाठीवर ९०आर असा शिक्का असेल तर तो युरोपीय नियमाचा. त्याचा अर्थ पॅडची कामगिरी मूळच्या पॅडपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त वेगळी नाही. रस्त्यासाठी ही चांगली खूण आहे, ट्रॅकची हमी मात्र नाही. निव्वळ शर्यतीचे पॅड रोजच्या गाडीला लावू नका. ते थंड असताना नीट धरत नाहीत, आणि सकाळी पहिल्याच वळणावर समोर कुणी आलं तर ते तापण्याची वाट बघता येत नाही. शिवाय डिस्क खातात. रस्त्याला सिरॅमिक किंवा चांगले सेमी-मेटॅलिक ठेवा आणि ट्रॅकसाठी वेगळी जोडी घ्या. डिस्कमध्ये वाचलेले पैसे इथे लावा.

आणि ब्रेक ऑइल बदलाच. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. ताजं डॉट ४ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) किमान २३० अंशांना उकळतं, पाणी धरल्यावर ती मर्यादा १५५ वर येते. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. (डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.) ट्रॅकवर पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, असं झालं तर पॅड तापलेत. पेडल मऊ पडून खाली जायला लागलं तर ऑइल उकळलंय. दुसरं जास्त भीतीदायक, कारण पाय दाबूनही हाताशी काही उरत नाही.

———

काका, ताई, मनापासून आभार. साध्या जड डिस्क, रस्त्याचे आणि ट्रॅकचे वेगळे पॅड, नवं डॉट ५.१, असं ठरवलंय. काम स्वतःच करणार आहे. डिस्कच्या आतले पंख (हवेच्या पोकळ्यांमधल्या पट्ट्या) वळणदार आहेत, त्या डावी-उजवी वेगळ्या लागतात का? आणि बसवल्यावर पॅड ‘बसवून घेणं’ म्हणजे नेमकं काय करायचं?

———

पंख वळणदार असतील तर त्यांची बाहेरची टोकं फिरण्याच्या दिशेच्या मागे राहायला हवीत, म्हणजे हवा मधून खेचून बाहेर फेकली जाते. डाव्या-उजव्या वेगळ्या मिळत असतील तर घे. पाहायचे ते आतले पंख. पुढे कधी चरवाली डिस्क घेतलीस तर चरांच्या तिरपेपणावरून बाजू ठरवू नकोस.

हबवरचा गंज तारेच्या ब्रशने धातू चमकेपर्यंत काढ. डिस्क चढवून नट आवळ आणि डायल गेज (बारीक डगमग मोजायचं काटेवालं माप) लावून फिरवून बघ. डगमग सहसा ०.०५ मिलिमीटरच्या आत असावी, पण तुझ्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. जास्त आली तर डिस्क हबवर नटाच्या एका भोकाइतकी फिरवून बसव आणि पुन्हा माप. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिनांना सिलिकॉन ग्रीसच लाव, साध्या ग्रीसने रबर फुगतं. नवीन डिस्कवरचा तेलाचा थर ब्रेक क्लीनरने पूर्ण पूस. चाकांचे नट टॉर्क पान्याने, समोरासमोर आवळ.

पॅडसोबत उत्पादकाची सूचना आली असेल तर तीच पाळ. नसेल तर मोकळ्या रस्त्यावर ताशी १०० वरून २० पर्यंत जोरात पण चाकं न अडकवता ब्रेक लाव, असं आठ-दहा वेळा. मध्ये कुठेही पूर्ण थांबू नकोस. गरम पॅड एका जागी दाबून धरले की तिथेच थर चिकटतो आणि ज्या थरथरीसाठी हे सगळं केलंस ती परत येते. मग ब्रेक जवळजवळ न वापरता पंधरा-वीस मिनिटं गाडी चालव, आणि उभी करताना हँडब्रेक न लावता गिअरमध्ये ठेव. ट्रॅकचे पॅड चढवशील तेव्हा हे सगळं पुन्हा करावं लागेल, कारण पहिल्या पॅडचा थर डिस्कवर राहिलेला असतो.