मे महिन्यात जैसलमेरच्या मरुउद्यानात काही काम करता येईल का?

रानवाट: मी आणि नुकतीच बारावी झालेली माझी भाची मे महिन्यात राजस्थानच्या राष्ट्रीय मरुउद्यानात जायचं म्हणतोय. माळढोक बघायचाय, पण नुसतं जीपमधून फिरून परत यायला मन घेत नाही. स्वयंसेवक म्हणून काही करता येईल का? आणि ऊन झेपेल का?

सेवणगवत: फक्त पक्षी बघायचे असतील तर हिवाळ्यात जा. काम करायचं असेल तर मात्र मेच बरा. वैशाख पौर्णिमेच्या सुमारास वनखातं पाणवठ्यांवर चोवीस तासांची प्राणीगणना करतं, त्यात स्वयंसेवक घेतात. जैसलमेरच्या वनखात्याच्या कार्यालयात महिनाभर आधी विचारून ठेवा.

मी एकदा बसले आहे. दुपारी पाणवठ्याच्या सिमेंटच्या कडेला हात टेकवत नव्हता. चार वाजेपर्यंत तक्ता कोरा. मग चिंकाराची एक मादी आली. पाण्यापासून वीसेक पावलांवर थांबली आणि नुसते कान फिरवत राहिली. अकरा मिनिटं! आम्ही मानेवरची माशीसुद्धा हाकलली नाही. मग ती पुढचे पाय फाकवून प्यायली. ती गेल्यावर लिहिलं: वेळ, चिंकारा, मादी, एक. रात्री कोल्हा आला, तो चांदण्यात दिसला. टॉर्च लावायचा नसतो, पौर्णिमा त्यासाठीच निवडतात. तोच प्राणी पुन्हा आल्यासारखा वाटला तर शेऱ्यात तसं लिहायचं, आकडा वाढवायचा नाही.

पाणी माणशी पाच-सहा लिटर, ओआरएस, लांब बाह्यांचे सुती कपडे. बूट झटकूनच घाला, तिकडे फुरसं असतं.

माळकरीण: एक भर घालते. उद्यान ३,१६२ चौ. किमी पसरलंय, जैसलमेर आणि बाडमेर दोन्ही जिल्ह्यांत. माळढोकासाठी उद्यानातल्या सुदासरी भागाकडे जातात. आत गावं आणि ढाण्या (छोट्या वस्त्या) आहेत, लोकांची गुरं चरतात. विचारल्याशिवाय कोणाचे फोटो काढू नका.

रानवाट: खूप आभार. माळढोक दिसलाच नाही तर भाची हिरमुसेल.

सेवणगवत: तिला आधीच सगळं सांगा. मादी बहुधा एका विणीत एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. उन्हाळ्यात विणीचा काळ सुरू झालेला असतो, म्हणून जवळ जायचा हट्ट नकोच. आमच्या जीपवाल्याने पक्षी जवळून दाखवायला गाडी सेवण गवतात घातली. मी थांबवलं, पण चाकं वीस-पंचवीस फूट आत गेल्यावर. अजून मनाला लागतं. तुम्ही निघण्यापूर्वीच सांगा, वाट सोडायची नाही.

विजेच्या तारांखालून जाल तेव्हा वर बघा. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचं फार कमी दिसतं, अंग जड, ऐनवेळी वळता येत नाही. तारेवर आदळून मरतात. म्हणून काही ठिकाणी तारांना फिरत्या, चकाकणाऱ्या चकत्या लावल्यात. कुठे चकती तुटलेली किंवा तारेखाली मेलेला पक्षी दिसला तर हात न लावता जागा आणि वेळ टिपून वनरक्षकाला कळवा. हे काम तर फिरता फिरताही होतं.

रानवाट: अर्जाचं उद्याच बघते. तक्ता भाचीच भरेल.

सेवणगवत: तिला पेन्सिल द्या. घामाने पेनची शाई फिसकटते.